बाबांचं नेहमीचं टेबल

नीवेसने मेनू मागितला तर वाढपी म्हणाला, "आज मेनू कशाला? तुम्ही निवांत बसा."

त्याने तिला खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं. दुपारचा एक वाजून गेला होता, खाणावळ भरत आली होती, पण त्या टेबलावर 'राखीव' अशी पाटी होती. ती त्याने उचलून खिशात घातली. नीवेसने टेबल राखून ठेवायला सांगितलं नव्हतं. मार्तिना फ्रांका या गावात आपण येतोय हे तिने इथल्या कोणालाही कळवलं नव्हतं.

"तुमची काहीतरी चूक होतेय," ती म्हणाली. "मी उत्तरेकडची आहे. कार्नियाहून आलेय."

"दिसतंच आहे. मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून इथे दुसरं कोण येणार?"

शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे हसले. त्यांच्या हाकांवरून वाढप्याचं नाव वितुच्चो आहे आणि खाणावळही त्याचीच आहे, एवढं तिला समजलं.

पर्समध्ये फोटो होता. तो काढावा की नाही, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं.

बाबा फेब्रुवारीत गेले. त्यांचा तेलाचा व्यापार होता. वर्षातून दोनदा व्हॅन घेऊन ते इथे दक्षिणेत, पुल्याला यायचे आणि ऑलिव्हच्या तेलाचे डबे भरून परत डोंगरात जायचे. चाळीसेक वर्षांत त्यांनी एक खेप चुकवली नव्हती. व्हॅन विकायला काढली तेव्हा सीटखाली हा फोटो सापडला. याच खाणावळीच्या दारात बाबा उभे होते, शेजारी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा पांढरा झगा घातलेली सात-आठ वर्षांची मुलगी, आणि बाबांचा हात तिच्या डोक्यावर. फोटोमागे साल लिहिलेलं होतं. तेव्हा आईबाबांच्या लग्नाला जेमतेम तीन वर्षं झाली होती.

नीवेसने फोटो भावालाही दाखवला नाही. सत्तरी ओलांडलेल्या आईला दाखवण्याचा तर प्रश्नच नव्हता. लग्नाच्या चार-पाच वर्षं आधी आई दोन वर्षं रोमला कोणाकडे घरकामाला होती, तेवढं सोडलं तर तिने आपली दरी कधी सोडली नव्हती. पुल्यातल्या तेलवाल्याकडे बाबांचे काही कागद राहिलेत, ते आणायला जाते, गुरुवारी पोचेन, असं नीवेसने तिला सांगितलं. आई वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, जा, पण तिथे जेवल्याशिवाय येऊ नकोस.

वितुच्चोने आधी वाळल्या पावट्यांचं पिठलं आणि त्यावर कडवट पालेभाजी आणून ठेवली. हे इकडचंच जेवण होतं. नीवेसने मुकाट्याने खाल्लं. मग त्याने दुसरी बशी आणली आणि ती टेबलावर टेकायच्या आधीच तिला वितळलेल्या लोण्याचा वास आला. जिथे सगळं तेलात शिजतं, तिथे लोणी?

बशीत चार्सोन्स होते. करंजीसारखे दुमडलेले, वर धुरी दिलेलं चीज किसलेलं. हे कार्नियाचं पक्वान्न. इथल्या कोणी त्याचं नावही ऐकलं नसेल.

तिने एक तोंडात घातला. बटाटा, मनुका, दालचिनी. इथवर कोणाच्याही घरचं. मग सुकवलेली नाशपती लागली आणि त्याच्यामागून कडू कोकोची किंचित चव. नीवेसने काटा खाली ठेवला.

कार्नियात घराघराचं सारण वेगळं असतं. हे तिच्या आईचं होतं. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आईने ते तिला शिकवलं आणि कागदावर एक अक्षर लिहू दिलं नाही. भावाच्या बायकोने किती विनवण्या केल्या, तिला आजतागायत सांगितलेलं नाही. बाबांना तर अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं. मग हे इथे पोचलं कसं?

बाबांची दुसरी मुलगी असेल, तर ते ती कसंबसं गिळणार होती. पण आईच्या हातची चवसुद्धा त्यांनी इथे आणून द्यावी?

"हे कोणी केलं?" तिने विचारलं.

"माझ्या बायकोने. ओरॉन्झाने. सकाळी सहापासून सारण करत बसली होती," वितुच्चो म्हणाला. "तुम्ही गुरुवारी येणार असं कळलं होतं ना."

कोणाकडून कळलं, हे विचारेपर्यंत तो आत गेला. तेलवाला बोलला असेल, असं तिने मनाशी धरलं. पण तेलवाल्यालाही तिने कळवलं नव्हतं.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून पन्नाशीची एक बाई एप्रनला हात पुसत आली आणि समोर बसली. नीवेस तिच्या चेहऱ्यात बाबा शोधू लागली. त्यांचं लांब नाक नव्हतं, जाड भुवया नव्हत्या, काहीच नव्हतं. तरी चेहरा ओळखीचा वाटत होता आणि कुठला ते लक्षात येत नव्हतं.

तिने फोटो काढून टेबलावर ठेवला.

"मीच ती," ओरॉन्झा म्हणाली. "झगा उसना आणला होता."

बोलोन्यापासून गाडीत नीवेसने किती वाक्यं जुळवली होती. त्यांतलं सगळ्यात साधं तिने उचललं.

"मला एवढंच सांगा, तुम्ही त्यांच्या कोण? मी भांडायला आलेले नाही. आईला यातलं काही कळू देणार नाही मी. तिला ते सोसणार नाही."

ओरॉन्झाने फोटो हातात घेतला, मागचं साल वाचलं आणि परत ठेवला.

"ते माझे कोणीच नव्हते," ती म्हणाली. "कोणी नसताना वर्षातून दोनदा येत राहिले."

मग तिने बशी नीवेसच्या जवळ सरकवली.

"खा, गार होतंय. आणि मला सांग, आपल्या दोघींच्या आईचे गुडघे आता कसे आहेत?"