वधूपक्षाच्या खोलीतल्या दोघी

रकाना ३ : नाते

"सून," तानुबाई म्हणाल्या. "मनी सून शे. लिखी ले, बाई."

तलाठी हेमांगीने 'सून' लिहिलं. समोरच्या दोघी अजून ओल्याच होत्या. पलीकडच्या काठावरून शेवटच्या होडीत त्या दोघीच आल्या होत्या. तानुबाईंच्या गावचे बाकीचे लोक आदल्या दिवशीच दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत हलवले होते. असोद्याच्या रस्त्यावरच्या या मंगल कार्यालयात, पूरग्रस्तांच्या कॅम्पात, त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

"तुझं नाव?"

"रूपा."

"नवऱ्याचं?"

रूपाने पदर सावरला, मान खाली घातली.

"नवरानं नाव कसं लेई ती?" तानुबाई मध्ये पडल्या. "प्रेमराज. सुरतले शे, साडीना कारखानामा."

हेमांगीला हसू आलं. तिची आजीही अशीच अडायची. तिने दोघींना 'वधूपक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत जागा दिली. बायका सगळ्या तिथेच होत्या. पुरुष समोर, 'वरपक्षा'त.

रकाना ११ : तक्रारी

पहिली तक्रार दुसऱ्याच सकाळी. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवरून.

"यामा उडीद कोठे शे?" तानुबाईंनी भाकरी उजेडात धरली. "तुनी मायनी हाईच शिकाडं का तुले?"

"आमच्या शिरपूरकडे असंच करतात. नको असेल तर ठेवा खाली."

"ठेवू कशी? भूक लागेल शे!"

दुसरी तक्रार चहात साखर घातली म्हणून. तिसरी, पुढच्या वेळी घातली नाही म्हणून.

रकाना ११ (पुरवणी जोडली आहे)

रूपा घोरते. तानुबाई पहाटे पाच वाजता सगळ्यांना उठवतात. रूपाने साबण संपवला. तानुबाईंनी रूपाच्या वेणीला 'शेपूट' म्हटलं.

"मॅडम, अख्ख्या कॅम्पात खरं कुटुंब हे एकच," कोतवाल झिपरूभाऊ म्हणाले. "बाकीचे पाहुण्यासारखे वागतात."

वधूपक्षातल्या बायका तर संध्याकाळी या दोघींच्या जवळपासच जागा धरायच्या. करमणूक दुसरी कुठे होती?

एका दुपारी हेमांगी गोळ्या वाटायला आत गेली. तानुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि रूपा त्यांच्या भेगाळलेल्या टाचांना तेल चोळत होती.

"हळू! काय भांडं घासी ऱ्हायनी का?"

"भांडं बरं, आत्याबाई. बोलत तरी नाही."

हेमांगीने रूपापुढे आपला फोन धरला. "बोल नवऱ्याशी. सगळ्या बोलतात."

रूपाने नकारार्थी मान हलवली. रुसलेली दिसते, हेमांगीला वाटलं. तिने जास्त विचारलं नाही.

रकाना ८ : पुढील व्यवस्था

रविवारी कॅम्प बंद होणार होता. ज्यांना कुटुंब होतं त्यांना गावठाणाजवळ एक एक पत्र्याची खोली. एकट्या बायकांना धुळ्याचं वसतिगृह. एकट्या म्हाताऱ्या माणसांना वृद्धाश्रम.

हेमांगीने बराच विचार केला. एका पत्र्याखाली या दोघी एकमेकींचा जीव घेतील. मग तिने दोघींना बाहेर बोलावलं आणि समजावून सांगितलं: तानुबाईंना आश्रमात, रूपाला धुळ्याला. दोघींनाही शांतता.

दोघींनी एकदमच नकाराची मान हलवली. असं एकमत आजवर झालं नव्हतं.

"मी धुळ्याला एकटी?" रूपा म्हणाली.

"अगं, रोज भांडता ना तुम्ही!"

"भांडाले तरी कोनी पाहिजे ना, बाई," तानुबाई म्हणाल्या. त्यांनी रूपाचं मनगट धरलं होतं. घट्ट.

हेमांगीने तहसीलदारांना फोन लावला. उत्तर सरळ होतं. रेशनकार्ड, आधार, सगळं वाहून गेलंय. मुलगा येऊन सही करेल तर दोघी एका खोलीत. नाही तर वेगळ्या.

सुरतेच्या कारखान्याचा नंबर शोधायला झिपरूभाऊंना अर्धा दिवस लागला. प्रेमराज पाळीवर होता. मुकादमाने निरोप लिहून घेतला : घरचे असोद्याला आहेत, रविवारी ये.

"त्याले कसाले बलावं?" तानुबाई हेमांगीवर चिडल्या. "मी अंगठा देस ना! मना अंगठा नही चालस का?"

मुलगा नाही म्हणाला तर सुनेसमोर शोभा होईल म्हणून असेल, हेमांगीने मनाशी म्हटलं.

त्यानंतरचे दोन दिवस एकही तक्रार आली नाही. भाकरीत उडीद किती, कुणी विचारलं नाही. वधूपक्ष सुना सुना झाला.

रकाना १४ : शेरा

रविवारी दुपारी प्रेमराज आला. दाढी वाढलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. तो तोंड उघडणार, तेवढ्यात तानुबाईंचा आवाज खोलीभर घुमला.

"येव रे भाऊ! तुनी बायको सकायपासून गाठोडं बांधीसन बसेल शे."

प्रेमराजने आईकडे पाहिलं. मग रूपाकडे. रूपा फरशीकडे बघत होती; गाठोडं तिने छातीशी धरलं होतं.

"दोघींना एका घरात ठेवणार ना?" हेमांगीने दटावून विचारलं. "नीट सांगा. नाही तर मला वेगळं करावं लागेल."

बायका जेवण सोडून बघत होत्या. तानुबाई मुलाकडे बघत होत्या. पापणी हलली नाही त्यांची.

"ठेवीन, मॅडम," प्रेमराज म्हणाला. "दोघींना."

त्याने सही केली. रूपाच्या हातातून गाठोडं घेतलं, खांद्यावर टाकलं आणि फाटकाकडे निघाला. मागून रूपा, तिच्या दंडाला धरून तानुबाई. झिपरूभाऊंनी डोळे पुसले. खोलीचा आदेश टेबलावरच राहिला होता, म्हणून हेमांगी तो घेऊन मागे धावली.

कमानीपाशी प्रेमराज थांबला होता. आईच्या कानाशी वाकून, रूपाकडे बघत, तो हळूच विचारत होता,

"माय, इनं नाव काय शे?"