कपाटातला चेंडू

हॉकी वाहिनीच्या हर्षलानं टॅब्लेट वैजयंताताईंच्या पुढ्यात ठेवला. चाळीस वर्षांपूर्वीचा तो अंतिम सामना कुणीही चित्रित केला नव्हता. पण चेंडूनं खाल्लेला प्रत्येक फटका त्याच्या आत साठलेला असतो, आणि तो वाचणाऱ्या यंत्रानं ताईंच्या कपाटातल्या चेंडूवरून अख्खा सामना उभा केला होता. चेंडू ज्याच्याकडे, प्रक्षेपणाचे हक्क त्याचे, असा कायदाच होता. सही तेवढी बाकी होती.

"ताई, एक अडचण आहे," हर्षला चाचरत म्हणाली. "तुमच्या त्या विजयी गोलाआधी चेंडू तुमच्या पायाला लागलाय. म्हणजे तो गोल नियमात बसत नाही. पण तेवढा भाग आम्ही गाळतो."

"गाळायला दिला होय गं मी चेंडू?" ताई उसळल्या. "पुण्याची गोलकीपर, फिलोमिना लोबो, पाय लागला म्हणून घसा फोडून सांगत होती. पंचांनी उलट तिलाच बाहेर काढलं. आणि मी गप्प बसले."

"पण ताई, इथल्या मैदानाला तुमचं नाव आहे!"

"असू दे की. पाटी काढायला कितीसा वेळ लागतोय?"

हर्षलानं करार पुढे सरकवला. ताईंनी चष्मा लावला, सही केली आणि अटींच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'माझा पाय सावकाश दाखवावा, दोनदा. त्याआधी फिलोमिनाच्या घरचा टीव्ही चालू आहे ना, ते विचारून घ्यावं.'