नक्कल

माघीचा खुबा जन्मापासूनच नीट बसलेला नव्हता. जव्हारच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. कृत्रिम सांधा बसवला तर ती लवकर चालेल, पण वीस-पंचवीस वर्षांनी तो झिजला की पुन्हा ऑपरेशन. कंबरेचं हाड कापून फिरवलं तर बरं व्हायला वेळ लागेल, पण सांधा स्वतःचा राहील, कदाचित जन्मभर.

माघीने विचारलं, "कापल्याशिवाय नाय का भागणार, डाक्टर?"

डॉक्टरांचं लक्ष दारापाशी लंगडत खेळणाऱ्या तिच्या तीन वर्षांच्या लेकीकडे होतं. "ही अशीच चालते?"

"माझी नक्कल करते," माघी म्हणाली. "घरात सगली हसतात."



डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पोरीला उचलून टेबलावर निजवलं आणि तिचा खुबा चाचपायला घेतला.