नागपूरला गेलेला पाला

पुडकं सोडलं आणि आतून बुरशीचा भपका आला. गुणवंतराव कंपाउंडर मटकन स्टुलावर बसले.

सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडताना पिशवी पाण्यात लोंबली होती. दवाखान्यात पोचल्यावर रोग्यांच्या गर्दीत पुडकं चार दिवस तसंच पडून राहिलं. नीलाबाईने दिलेल्या सालीचा आता काळा चिखल झाला होता. आणि गडचिरोलीची डाक उद्या सकाळी जाणार होती.

नीलाबाई धानोऱ्याच्या जंगलातल्या एका टोल्यावरची, चार झोपड्यांच्या वस्तीवरची म्हातारी. गळू असो, काट्याचा घाव असो, कुऱ्हाडीचा असो, तिचं औषध एकच. वीस-पंचवीस गावांतली माणसं तिच्याकडे चालत येत. पहिली निवडणूक होऊन दोन वर्षं झाली होती. तपासणीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना हा प्रकार खपला नाही.

"तिचं औषध नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवा," ते म्हणाले होते. "महिनाअखेर पोचलं नाही किंवा गुण दिसला नाही, तर बाईला नोटीस. त्यानंतर कोणाला पाला लावला तर कोठडी."

नोटिशीने नीलाबाई थांबणार नव्हती. दारात आलेल्या रोग्याला परत धाडणं तिच्या देवाला चालत नसे. म्हणजे या वयात ती कोठडीत जाणार, हे गुणवंतरावांना स्वच्छ दिसत होतं.

तिचा गुण त्यांच्या उजव्या पायाला ठाऊक होता. मागच्या साली दवाखान्यामागे लाकडं फोडताना कुऱ्हाड निसटली. कपाटातली पावडर संपली तरी घाव महिनाभर वाहत राहिला. बाजाराच्या दिवशी नीलाबाई नेहमीसारखी कुंपणाला टेकून बसली होती. जवळ शेळी चरत होती. गुणवंतरावांना लंगडताना पाहून ती आत आली.

"कंपोंडरच लंगडून राह्यला, तं बाकीच्यायनं कुठी जावं?"

"हसू नोको बाई. झोळीत काई हाय का तुह्या?"

"आधी पाय दाखव. घाव पाह्यल्याबिगर माहा हात चालत नाई."

तिने घाव दाबून पाहिला, नाक जवळ नेऊन वास घेतला. मग बाहेर जाऊन मुठीत हिरवा लगदा घेऊन आली. नवव्या दिवशी गुणवंतराव सायकलवर बसले.

म्हणूनच नागपूरसाठी औषध मागायला ते स्वतः टोल्यावर गेले होते. नीलाबाई चुलीपुढे लाकडं सारत होती.

"रोगी कुठी हाय?" तिने विचारलं.

"रोगी नाई, बाई. ससे हायेत. नागपूरले सशायले घाव करतेत, आन् त्याच्यावर औषध लावून पाहतेत."

"आपल्याच हातानं घाव करतेत?"

"हो."

"अन् मंग बरे करतेत." तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. "थे ससे इथी आनशीन का?"

"नागपूरचे ससे मी कसे आनू?"

त्यांनी हात जोडले, तेव्हा ती म्हणाली, "हात जोडून राह्यला तू. रिता कसा धाडू? उद्या ये."

दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानात बांधलेलं पुडकं तिने त्यांच्या हातात ठेवलं. "एकच डाव. पुन्हा मांगू नोको."

त्याच सालीचा आता चिखल झाला होता. काहीच पाठवलं नाही तर नोटीस याच महिन्यात येणार. काहीतरी पाठवलं तर निदान उत्तर येईपर्यंत दोन-तीन महिने मिळणार. तेवढ्यात औषध थांबवायला तिची समजूत घालू, असं गुणवंतरावांनी मनाशी धरलं. वाळून चुरा झाला की कुठलाही पाला सारखाच दिसतो.

ते कुंपणाशी गेले. तिथे कंबरमोडीचं तण माजलं होतं. दोन ओंजळी पाला तोडून त्यांनी तो तव्यावर सुकवला, चुरला, आणि पुडक्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नीलाबाईचे औषध'.

पुढे दर बाजाराला नीलाबाई कुंपणाशी दिसली की ते आतच कामाला लागत. तरी ती खिडकीतून विचारायचीच.

"ससे बरे झाले का रे, भाऊ?"

"अजून कागद नाई आला, बाई."

दोनदा ते टोल्याच्या वाटेला लागले आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परत फिरले.

थंडीत कागद आला. औषधाने पू थांबतो, घाव लवकर भरतो. बाईने औषध देण्यास हरकत नाही. आणखी दोन शेर पाला तयार ठेवावा. झाड पाहायला डॉक्टर स्वतः येत आहेत.

गुणवंतरावांनी तो तीनदा वाचला. कुंपणाच्या तणालाही गुण निघाला, हे नवलच होतं. पण डॉक्टर येणार, नीलाबाई आपलं झाड दाखवणार, आणि ते भलतंच निघणार. खोटं यांचं आणि कोठडी तिला. त्यांनी सायकल काढली.

नीलाबाई अंगणात मोहाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होती. त्यांनी कागद वाचून दाखवला.

"मंग ससे बरे झाले," ती म्हणाली.

"झाले. पन तुह्या औषधानं नाई, बाई." गुणवंतराव खालीच बसले. नाला, बुरशी, तवा, त्यांनी सगळं सांगितलं. "तुही साल सडली. मी दुसरंच भरून धाडलं. आता डॉक्टरले तुहं खरं झाड दाखवू, आन् चुकी माही हाय असं मी सांगतो."

"काय भरलं व्हतं?"

"दवाखान्याच्या कुंपणाचं. थे कंबरमोडी."

नीलाबाईच्या हातातली काडी थांबली. ती त्यांच्या पायाकडे पाहत राहिली, मग तोंडाकडे.

"रोगी समोर नसला तं मी औषध तोडत नाई, भाऊ. रिता धाडवत नव्हता, म्हनून तुले चुलीपुढच्या लाकडाची साल बांधून देल्ली." ती पुढे झुकली आणि कोणी ऐकेल अशा धाकाने हळूच म्हणाली, "तुह्या पायाचं झाड तुले कोनं दाखवलं?"