झाकण

रणगाड्याच्या छोट्या मॉडेलवर हिरव्या रंगाचा शेवटचा हात देऊन दिगंबररावांनी वरचं झाकण उघडायला नख लावलं, पण ते हललं नाही. गोंद ओघळून झाकण पक्कं बसलं होतं.

घाईघाईनं ते ब्लेडनं कड खरवडू लागले.

“अहो, इतका छान झालाय, कशाला नासवताय?” महिनाभर या पसाऱ्याला नावं ठेवणारी त्यांची बायको सुमती म्हणाली.

“झाकण उघडत नाहीये.”

“मग काय झालं? खेळण्यातलाच तर आहे!”

ते खरवडतच राहिले. सीमेवर अशाच रणगाड्यात बसणाऱ्या लेकाचा आठवडाभर फोन नव्हता.

कट्कन झाकणच तुटलं. ते परत चिकटवायला त्यांनी गोंदाची ट्यूब उचलली. सुमतीनं ती काढून घेतली आणि टोपण घट्ट लावलं.

“राहू द्या उघडंच,” ती म्हणाली. “आत लेकरू गुदमरेल.”