इमानाची जागा

"लढाई संपली की जमीन परत देऊ," असं सांगून इंग्रजानं ठमाबाईच्या वैनगंगेकाठच्या शेतावर लष्करी विमानं उतरवली. लढाई संपली, इंग्रजही गेला. आपलं सरकार आलं, त्यानं पाटी तेवढी बदलली. चाळीस वर्षं झाली, ठमाबाई दर हंगामात हट्टानं त्याच धावपट्टीवर धान वाळवायची. यंदा मंत्र्याचं हेलिकॉप्टर उतरणार होतं. हवालदार बुटांसकट धानात घुसला. "बाई, उचल हे! इमानाची जागा हाय, समजते का?" विमानाला आमच्याकडे सगळे इमानच म्हणतात. ठमाबाईची नववीतली नात कुंदा ताडकन पुढे आली. "इमानाची ना, भाऊ? मंग दिलेला शब्द ज्यानं पाळला, त्यालेच उतरू द्या!" "पोट्टे, जेलात टाकीन!" हवालदार गरजला. डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरत घिरट्या घालत होतं. ठमाबाईनं हसून नातीकडे पाहिलं, पदर खोचला आणि धानाची आणखी एक टोपली ओतली.