तळाची खरवड

"लापशी जरा खाली लागू दे. आमच्या बोर्डिंगात तीच तर चव होती," गुणवंतराव बायकोला म्हणाले.

रविवारी बोर्डिंगात पोरांना भेटायला घरची माणसं यायची. ज्याच्याकडे कुणी फिरकत नसे, त्याला आचारीमामा पातेल्याच्या तळाची गोड खरवड काढून द्यायचे.

"मला दर रविवारी मिळायची. वाटायचं, मामांचा मीच लाडका!" ते हसले. शेवंताबाईंनी नाक मुरडलं. खरवड त्या कधी तोंडाला लावत नसत.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "याही दिवाळीला जमत नाही? बरं," म्हणून शेवंताबाईंनी तो ठेवला. तोवर लापशी खाली लागली होती.

मुलासाठी मांडलेलं ताट त्यांनी उचलून ठेवलं. उलथन्यानं खरवड काढली. अर्धी नवऱ्याला वाढली आणि उरलेली स्वतःच्या पानात घेतली.